सगुणाबाईंची सपरी

सगुणाबाईंनी मला कधी नावाने हाक मारली नाही. आमचे हे सौंदडच्या स्टेशनात तारबाबू, म्हणून मी 'तारबाई'. मग गावातल्या बाकीच्या बायकांनीही तेच नाव उचललं. आज मला नावाने हाक मारणारे पुष्कळ आहेत, पण तारबाई म्हणणारं कोणी उरलेलं नाही. ते नाव आठवलं की मला त्यांची सपरी आठवते. घराच्या दर्शनी बाजूला कौलांच्या उतरणीखाली जी लांब ओसरी असते, तिला त्या भागात सपरी म्हणतात.

आम्ही वर्ध्याकडचे. छोट्या लाईनवरच्या त्या स्टेशनात बदली झाली तेव्हा वसंता पाच वर्षांचा होता. गावात शाळा होती, पण मास्तर इतक्या लहान पोरांना घेत नसत. मुलींना तर कोणी पाठवतच नसे. मग मीच त्याला पाटी घेऊन बसवायची. तो हट्टी होता आणि माझ्यात धीर नव्हता. 'ग' काढ म्हटलं की तो पाटी उलटी ठेवून रडायला लागायचा.

अशाच एका दुपारी एक उंच, सावळी बाई फुटक्या मडक्याचा तुकडा घेऊन दारात उभी राहिली. कानामागे बांबूची बारीक कमची खोचलेली.

"तारबाबूचं घर हेच ना? इंजिनाच्या कोयशाचा चुरा पाह्यजे होता. काया रंग करा लागते."

मी चुरा देईपर्यंत त्या वसंताकडे बघत राहिल्या.

"काऊन रडवून राहिल्या पोराले?"

"ग येत नाही त्याला. महिना झाला शिकवते आहे."

त्या उंबऱ्यातच बसल्या. कोळशाने फरशीवर एक उभी रेघ ओढली. "हा खुंटा," त्या वसंताला म्हणाल्या. रेघेच्या डाव्या अंगाला एक वाकलेली रेघ काढली. "आन् हे मान खाली घालून चरून राहिली. कोण होय सांग?"

"गाय," वसंता म्हणाला.

"हो. गायीचा ग. आता तिले चारा टाक."

संध्याकाळी हे घरी आले तेव्हा क्वार्टरच्या भिंतीवर खालपासून हात पुरेल तिथपर्यंत गायी चरत होत्या. दुसऱ्या दिवसापासून वसंता सगुणाबाईंच्या सपरीत जायला लागला.

सगुणाबाईंचे वडील केशोरीला मास्तर होते. मुलीला शाळेत बसवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी तिला घरीच शिकवलं. पाटी विकत घेण्यापेक्षा लाखोळीच्या डाळीचे दाणे जमिनीवर पसरून अक्षरं लावायची, गोष्टीच्या पुस्तकातलं एक पान वाचायचं आणि त्या पानात जे असेल ते हाताने करून पाहायचं, ही त्यांची रीत. सासरी येताना सगुणाबाईंनी वडिलांची चार-सहा पुस्तकं लुगड्यांच्या घडीत लपवून आणली. नवऱ्याला, डोमाजींना, ती सापडली. रागावतील म्हणून त्या भ्यायल्या होत्या, तर डोमाजींनी भिंतीला फळी ठोकून दिली.

डोमाजी वाईट माणूस होता असं मला आजही म्हणता येत नाही. थोडी धानाची शेती आणि घराला लागून किराणा दुकान. बोलायला गोड, हसतमुख. मूल झालं नाही म्हणून त्यांनी बायकोला कधी टोचलं नाही. शेजारची पोरं सपरीत जमायला लागली तेव्हा सपरी त्यांनीच वाढवून घेतली, आणि बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, काठची चिकणमाती बैलबंडीत घालून स्वतः आणून टाकायचे. "आमच्या घरी पोट्टे नाहीत असं कोण म्हणते," ते गिऱ्हाइकांना हसून सांगत.

सगुणाबाईंची एक गोष्ट आठ-आठ दिवस चालायची. थोडं वाचायच्या आणि पुस्तक मिटायच्या. "आता हाताले समजू द्या," म्हणायच्या. गोष्टीत घर असेल तर तणसाचं, धानाच्या पेंढ्याचं, घर व्हायचं, होडी असेल तर पळसाच्या पानाची होडी होऊन बोडीत सुटायची. बुडली तर का बुडली, यावर सारी सकाळ जायची. 'चूक' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. "आणखी एकदा पाह्य बरं," एवढंच. शाबासकीही द्यायच्या नाहीत. एखाद्याने केलेली वस्तू मनाला आली तर बोटाने तिला स्पर्श करून म्हणायच्या, "हे राहू दे," आणि पुस्तकांच्या फळीवर नेऊन ठेवायच्या. आपलं काही फळीवर राहावं म्हणून पोरं जिवाचं रान करत.

वडिलांची पुस्तकं संपली तेव्हा त्यांनी स्वतः गोष्टी रचल्या. त्यातली एक उंदराची होती. केशोरीचा उंदीर गोंदियाचा बाजार पाहायला आगगाडीने निघतो, तिकीट नसतं, म्हणून दर स्टेशनावर त्याला काही ना काही काम करून द्यावं लागतं. त्या गोष्टीपायी एका सकाळी बारा-पंधरा पोरं रांगेने फलाटावर आली आणि उभ्या मालगाडीच्या चाकाला सुतळी गुंडाळायला लागली.

आमचे हे धावत गेले. "बाई, हे काय चाललंय? गाडी निघायची आहे."

"निघायच्या आधी चाक मोजून होते," सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "मातीची गाडी केली, तं चाकं डब्याहून मोठी झाली. चाकं लहान असते हे पोट्टे मानत नाही. पाह्यल्याशिवाय कसं मानन?"

ह्यांनी कपाळाला हात लावला, पण गार्डाला सांगून दोन मिनिटं गाडी थांबवलीही. नंतर कधीतरी ते सपरीत गेले आणि पोरांनी केलेल्या मातीच्या स्टेशनातला सिग्नल उलटा पडलाय म्हणून दाखवून आले. परत आल्यावर मला म्हणाले, "हेड ऑफिसातल्यापेक्षा इथं जास्त नीट ऐकतात."

त्या पोरांत बुधी नावाची एक मुलगी होती, साताठ वर्षांची. बाप नव्हता, आई लोकांच्या बांधीत धान रोवायला जायची. बुधी फारशी बोलत नसे, पण तिच्या बोटांत काही वेगळंच होतं. कमचीचा पिंजरा करावा तर तिने. तिच्या वस्तूंनी फळीचा एक कोपरा भरला होता. सगुणाबाई तिच्या केसांना तेल लावायच्या, स्वतःजवळ जेवायला बसवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "तारबाई, हे पोट्टी मास्तरीण होईन. माझ्या बापाचं राहिलं ते हिच्या हातून होईन." इतकं मोठं बोललेल्या मी त्यांना तेव्हाच ऐकलं.

उन्हाळ्यात जंगलातून तेंदूची पानं येतात. त्या वर्षी डोमाजी गोंदियाहून आले ते लहान लहान कात्र्या आणि पत्र्याचे चौकोनी तुकडे घेऊन. पानावर पत्रा ठेवायचा आणि कडेने कापायचं, म्हणजे सगळी पानं एका मापाची.

"पोट्ट्याईले पुस्तकं कराले कामी पडन," ते म्हणाले.

सगुणाबाईंना किती आनंद झाला होता. त्यांनी पानं ओली करून कापायला शिकवलं, दोऱ्याने शिवायला शिकवलं, आणि प्रत्येक पोराचं तेंदूच्या पानांचं आपलं गोष्टीचं पुस्तक झालं. आमच्या वसंतानेही केलं. त्यात उंदीर होता आणि बाकी सगळी चाकं.

मग डोमाजी अधूनमधून येऊन सुचवायला लागले. पान गुंडाळून काही होत नाही का? सगुणाबाईंनी पानाची पिपाणी करणाऱ्या गुराख्याची गोष्ट रचली आणि पोरं पानं वळायला शिकली. बारीक दोरा बांधता येते का? त्यांनी पिपाणीचं तोंड दोऱ्याने बांधायला लावलं. गोष्टीतला गुराखी पिपाण्या करत जायचा आणि पोरं त्याच्याबरोबर म्हणायची, "एक वळली, एक बांधली, एक ठेवली गोठ्यापाशी." नवऱ्याला आपल्या कामात इतकी गोडी लागली म्हणून त्या सुखावल्या होत्या. मला म्हणाल्या, "यायलेही हात लावा वाटते आता."

दसरा झाल्यावर डोमाजींनी सांगितलं की गोंदियाचे एक शेठ गोष्टीची पुस्तकं देणार आहेत, पेटीभर, चित्रांची. त्यांचा मुनीम आधी पोरांचं काम बघायला येईल. सगुणाबाईंनी सपरी सारवली. पोरांना धुतलेले कपडे घालून यायला सांगितलं. मला बोलावलं, मीही जाऊन बसले.

मुनीम आला. पांढरा सदरा, तोंडात पान. सगुणाबाईंनी गुराख्याची गोष्ट सुरू केली आणि पोरं पिपाण्या वळायला लागली. गोष्ट चालू असताना तो माणूस एकदाही त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हता. तो वाकून वाकून पोरांची बोटं बघत होता.

"इस छोटी को कहिए, फिर से बाँधे," तो बुधीकडे बोट करून मध्येच म्हणाला.

बुधीने बांधून दाखवली.

"हाथ बैठ गया है," तो डोमाजींना म्हणाला. सगुणाबाईंची गोष्ट अजून संपायची होती. तो उठून दुकानात जाऊन बसला.

"पूर्ण आयकली नाही त्यानं," त्या मला म्हणाल्या. "पण पोट्टे आवडले त्याले. पुस्तकं धाडन."

दिवाळीनंतर केशोरीहून निरोप आला की वडील फार आजारी आहेत. सगुणाबाई गेल्या. जाताना पोरांना सांगून गेल्या की येताना नवी गोष्ट घेऊन येईन. त्या गेल्या आणि थोड्याच दिवसांत गोंदियाच्या गाडीतून तंबाखूची पोती उतरायला लागली. वसंता एक दिवस घरी आला तो खोकत. मी सपरीत जाऊन बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी त्याला तिकडे जाऊ दिलं नाही. डोमाजी सट्टेदार झाले होते. कारखान्याकडून पानं आणि तंबाखू घ्यायची, गावात बिड्या वळून घ्यायच्या आणि गोंदियाला पाठवायच्या, हे सट्टेदाराचं काम. घरोघर वाटण्याऐवजी त्यांना एका जागी बसलेली, हात तयार असलेली पोरं मिळाली होती.

वडील गेले; त्यांचं सगळं करून सगुणाबाई परत आल्या. कपाळावरचं तेज गेलेलं, पण हातातल्या गाठोड्यात वडिलांकडचं शिल्लक एक पुस्तक होतं. गाडीतून उतरल्यावर मला ते उघडून दाखवलं. मला त्यांना काही सांगता आलं नाही. मी नुसती त्यांच्याबरोबर चालत गेले.

सपरीत पोरं रांगेने बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. ओळीच्या शेवटी डोमाजी बिड्यांच्या जुड्या, म्हणजे कट्टे, बांधत होते. फळीवरही कट्टेच रचले होते. मातीच्या वस्तू आणि पुस्तकं कुठे दिसत नव्हती. आणि पोरं बिड्या वळता वळता एका सुरात म्हणत होती, "एक वळली, एक बांधली, एक ठेवली गोठ्यापाशी."

पोरांनी त्यांना बघितलं. कोणी घाबरलं नाही. उलट सगळ्यांनी आपापली सुपं वर करून दाखवली, नेहमी दाखवत तशी. बुधी उठून आली आणि एक बिडी त्यांच्या तळहातावर ठेवून म्हणाली, "बाई, हे राहू देता का?"

सगुणाबाई खाली बसल्या. मग डोमाजींना विचारलं, "कात्र्या आणल्या तवाच ठरलं होतं का?"

डोमाजींनी कट्टा खाली ठेवला. "तवा मनात होतं. ठरलं नव्हतं."

"आन् पुस्तकाची पेटी?"

"पेटी नव्हती."

"खोटं काऊन बोलले मंग?"

"खरं सांगितलं असतं तं तू त्याले पोट्टे दाखवले असते का?" ते हळू बोलत होते, समजूत घातल्यासारखं. "यात वाईट काय हाये? पोट्ट्याईचे मायबाप खुश हायेत, घरात पैसा येते. तूच तं शिकवलं. दुसऱ्या गावी हात बसाले सहा महिने लागते. येथी आठ दिवसांत झालं. मुनीम म्हणे, तुमच्या घरची लक्ष्मी हाये."

सगुणाबाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं. सपरीतली पोरं पुन्हा वळायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्या घरोघर फिरल्या. पोरं परत द्या, मी मागच्या आंगणात शिकवते म्हणून. मी दोन घरी त्यांच्याबरोबर होते. बायका त्यांना पाट द्यायच्या, चहा विचारायच्या आणि घरात चार पैसे येतात तेच सांगायच्या. एकीने तर त्यांचे पाय धरले. "बाई, तुमचे उपकार हायेत. तुमच्यानं पोट्टे कामाले लागले. आता कायले मोडता?" तिथून बाहेर पडल्यावर त्या रस्त्यात थांबल्या. मला म्हणाल्या, "तारबाई, मी वाईट शिकवलं असतं तं बरं होतं."

मी वसंताला त्यांच्याकडे पाठवते म्हटलं. त्यांनी मान हलवली. "एकट्याले कशी सांगू गोष्ट? आन् भिंतीपलीकडे बाकीचे पोट्टे बसून राहतीन."

राहिली होती बुधी. तिच्या आईशी बोलून त्यांनी ठरवलं, बुधीला केशोरीला न्यायचं. वडिलांचं घर रिकामं होतं. तिथे राहून तिला शिकवायचं, मोठी करायची. डोमाजींना त्यांनी सांगितलं की माहेरचं आवरून येते. बुधीची आई रडली, पण हो म्हणाली.

ठरलेल्या सकाळी सगुणाबाई लवकरच फलाटावर आल्या. ह्यांनी दोन तिकिटं फाडली, एक अर्धं. मी प्रवासासाठी भाकरी बांधून दिली. गाडीचा धूर दिसायला लागला तेव्हा रुळांकडून बुधीची आई येताना दिसली. एकटीच.

"बाई, पोट्टी नाही म्हणते."

"नाही म्हणते म्हणजे? कुठी हाये?"

"सपरीत. तुमच्या मालकानं तिले साऱ्याईच्या पुढची जागा देल्ली. बुधीच पाहून घेते कोणाचं कच्चं हाये, कोणाचं पक्कं. मी वढून आणत होतो, तं खांबाले धरून बसली."

"गोष्ट सांगीन म्हणून सांगितलं का तिले? नवं पुस्तक हाये म्हणून?"

बुधीची आई खाली बघत म्हणाली, "सांगितलं. तं म्हणे, गोष्ट मले येते आता."

गाडी आली. ह्यांनी झेंडी हातात धरून सगुणाबाईंकडे बघितलं. त्या चढल्या नाहीत. गाडी गेल्यावर त्यांनी तिकिटं बाकावर ठेवली, गाठोडं उचललं आणि घराच्या वाटेला लागल्या.

त्यानंतर त्या घरातच राहिल्या. डोमाजींना वेळेवर जेवायला वाढत, हवं नको विचारत. सपरीत मात्र पाय ठेवत नसत. मागल्या दाराने येजा करत आणि दिवसभर मागच्या आंगणात धान निवडत बसत. मी जायची. बोलणं तांदळाचं, पाण्याचं, वसंताच्या तापाचं. मी एकदा ते नवं पुस्तक कुठे आहे म्हणून विचारलं. "चुलीजवळ होतं," त्या म्हणाल्या. पुढे मी विचारलं नाही. उन्हाळ्यात आमची बदली झाली.

नंतर सौंदडला जायचं कारण उरलं नाही. लढाईच्या दिवसांत एकदा आम्ही नात्यातल्या लग्नाला वडशाला निघालो होतो. गोंदियाहून गाडी सुटली, दुपारी सौंदडला थांबली. वसंता तेव्हा चांगला उंच झाला होता. मी खिडकीतून बाहेर बघत होते. फलाटावर बिड्यांच्या टोपल्यांची रांग होती, त्यांच्यापाशी बाया आणि पोरी बसलेल्या. डोमाजींचे केस पिकले होते. आणि त्यांच्या शेजारी सगुणाबाई उभ्या होत्या. टोपलीतून कट्टा उचलायचा, अंगठ्याने दाबून बघायचा, खराब बिड्या काढून बाजूला टाकायच्या. एका पोरीच्या कट्ट्यातल्या निम्म्या त्यांनी काढून टाकल्या. ती पोर रडवेली होऊन बघत राहिली.

मी हाक मारली. त्या वळल्या, ओळखलं, खिडकीपाशी आल्या.

"तारबाई. बऱ्या हायेत?"

"बरी आहे. बाई, तुम्ही—" मी टोपल्यांकडे बघितलं, ते त्यांनी बघितलं.

"साऱ्या गावाच्या बोटाले तमाखूचा वास," त्या म्हणाल्या. "मी एकटी किती दिवस मागच्या आंगणात बसू?"

"बुधी?"

"लग्न झालं. तिकडंही वळतेच."

मी वसंताला पुढे केलं. "ओळखलं का? हा बघा केवढा झाला." वसंताने खिडकीतूनच हात जोडले. लहानपणचं त्याला फारसं आठवत नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. सगुणाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. काहीतरी विचारणार होत्या असं मला वाटलं.

"अवो," डोमाजींनी तिकडून हाक मारली. "हे पाह्य बरं. कच्चं वाट्टे मले."

त्या गेल्या. त्यांच्या हातातून बिडी घेतली, चिमटीत फिरवली आणि खाली टाकली. मग पुढच्या टोपलीपाशी वाकल्या. गाडी हलली तेव्हा मी हात वर केला होता. त्या वाकलेल्याच होत्या.